वायसर

रबाळ्याच्या शेडमध्ये मी हापसे हापसते.
दिवसाला अठ्ठावीस.
एकेकाला चाळीस हात, मोजून.
टाकीतलं पाणी वर येतं, नळीतून परत टाकीत जातं,
तेच पाणी, दिवाळीपासून तेच.
त्याला आता गंजाचा वास येतो, थोडा माझाही.

चाळिसाव्या हाताला धार तुटली नाही
की खडूनं खूण करायची.
मग पत्र्याचा साचा, काळा रंग:
मलावी.
आधी मला वाटलं, मालवणकडचं काहीतरी असेल.

घरत साहेबांनी हवेत नखानं नकाशा काढला:
समुद्र, मग आणखी समुद्र, मग जमीन,
आणि त्या जमिनीत एक तळं, दुसरा काठ न दिसणारं.
एवढं तळं आहे तर हापसे कशाला, मी विचारलं.
साहेब म्हणाले, तुमच्या पाड्यावरून खाडी दिसते ना?

मी पुढचा हापसा ओढला.

आमचा हापसा चार वर्षं मुका.
दांडा वर जातो, खाली येतो,
आतून नुसता कोरडा खोकला.
उद्घाटनाची फरशी मात्र शाबूत,
तिच्यावर पोरांच्या चड्ड्या वाळतात.
टँकर मंगळवारी. कधी बुधवारी. कधी खालच्या वळणावर नुसता हॉर्न.
गेल्या चैत्रात रघ्याची धाकटी जुलाबानं गेली.
तेव्हा मी शेडमध्ये होते,
ओव्हरटाइमचा, एकोणतिसावा हापसत.

संक्रांतीनंतर तिकडून तक्रार आली, फोटोसकट.
चामड्याचा वायसर झिजला,
सुटा भाग पोचायला तीन महिने,
म्हणून गावातल्या एलेसी फिरी नावाच्या बाईनं
बाद टायरची ट्यूब कापली,
उकळत्या पाण्यात मऊ केली,
पेल्याच्या बुडावर दाबून तिची वाटी केली
आणि बसवली.
सध्या पाणी येत आहे, असं तक्रारीच्या शेवटी होतं.

हे मापात नाही, साहेब चिडले.
मी फोटो दोन बोटांनी मोठा केला.
तिच्या तळहातावर ती काळी वाटी.
अंगठ्याखाली घट्टा,
माझा आहे तिथेच.
आणि मागं, संडासाच्या कुडाला लागून,
दोन खुंटांवर टांगलेला प्लॅस्टिकचा डबा,
खाली पायानं दाबायची काठी,
दोरीला साबण, भोक पाडून ओवलेला,
लॉकेटसारखा.

रविवारी शेडमधले पाने घरी आणले. विचारून नव्हे.
ट्यूब दिघ्याच्या रिक्षावाल्याकडून, फुकट,
पेला माझ्या रुखवतातला.
नखीबाई, सुगंधा, तिची सासू,
आम्ही अकरा सळ्या उपसल्या एकामागून एक.
खोल विहिरीतून कुणाला तरी वर घ्यावं तशा.
तळाचा वायसर हातात आला तेव्हा
त्याचा भिजलेल्या भाकरीसारखा चुरा झाला.

सत्ताविसाव्या हाताला हापसा ओकला:
लाल, मग विटकरी, मग चहासारखं.
पोरं ओरडली. मी मोजायचं थांबवलं नाही.
ब्लीचिंग पावडर टाकली, उपसलं, पुन्हा टाकली,
बाटली भरून पालिकेच्या दवाखान्यात दिली.
नऊ दिवस कुणाला तोंड लावू दिलं नाही.
नखीबाई म्हणाली, तू तर साहेबच झालीस.

आता संडासापाशी डबा आहे. काठी आहे.
साबण दोनदा चोरीला गेला,
तिसरा टिकलाय, बहुतेक फार छोटा झालाय म्हणून.
रघ्या रोज संध्याकाळी येतो,
दहा-बारा हात हापसतो,
दुसऱ्यांचे हंडे भरून देतो.
स्वतः पीत नाही.

सोमवारपासून पुन्हा अठ्ठावीस.
पेटी बंद करायच्या आधी
दांड्याच्या पोकळीत मी चामड्याचे दोन वायसर सरकवते,
तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून.
पावतीवर त्यांची नोंद नाही.
साहेबांना माहीत नाही.

मापात आहेत.